साहेबाची दांडी

मंदी आली आणि दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थिजल्या. त्यातल्या एकीवर कबुतरांच्या तीन पिढ्या नांदल्या, मी स्वतः मोजल्यात. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात रविवारी कपातीची यादी लागणार होती. ती आमचा इंग्रज साहेबच करतोय, असं सगळे म्हणत. साहेब पूर्वी हवाई दलात अधिकारी आणि काउंटीत फलंदाज. मिशा इतक्या लांबरुंद की टोकांना दिवे लावले असते तर विमानं उतरली असती.

दर शुक्रवारी आम्ही अर्धवट टॉवरशेजारच्या वाळूत टेप लावलेल्या टेनिस बॉलने खेळायचो. त्या शुक्रवारी साहेब म्हणाला, मीही येतो.

"अहो, साहेबांना मनसोक्त खेळू द्या," बायकोने दारातच बजावलं. "पोरीची शाळा मधेच सोडवायची नाहीये मला."

"बाबा, जस्ट वाइड्स टाक!" पोरगी आतून ओरडली.

साहेब इस्त्रीची पांढरी पँट घालून आला. थुंकी लावलेलं बोट वर धरून त्याने वारा तपासला, रडारसारखी मान फिरवून फिल्डिंग पाहिली. गार्ड घ्यायला इतका वेळ लावला की आमचा एक फिल्डर करक चहा पिऊन परत आला.

मी बॉल असा सोडला, जशा लग्नात अक्षता. तो साहेबापुढे पडला, एका खड्याला लागला, वळला आणि मधली दांडी उपटून गेला. माझ्या उभ्या आयुष्यातला पहिला वळलेला बॉल!

"खलास!" आमचा वसईकर विकेटकीपर पुटपुटला. "हबीबी, बॅग भर."

"ट्रायल!" मी किंचाळलो. "सर, आमच्यात पहिला बॉल ट्रायल असतो. धरायचा नाही!"

"हो हो, ट्रायल!" दोन्ही टीम एका सुरात. अंपायर म्हणून उभा केलेला पेशावरचा वॉचमनही म्हणाला, "बिल्कुल ट्रायल था, साब!"

"काउंटीत असलं काही नव्हतं," साहेब म्हणाला. "हवाई दलात तर नाहीच. पहिल्याच उड्डाणात पडलास, तर पडलास." बॅट काखेत मारून तो ताठ चालत निघून गेला.

रविवार उजाडेपर्यंत बायकोने तवासुद्धा बांधला होता. शेवटची पोळी तिने कढईत भाजली.

ऑफिसात पोचताच केबिनमध्ये बोलावणं आलं.

"यादी वरूनच आलीय. गुरुवारीच," साहेब म्हणाला. "तुझं नाव नाही."

मी खुर्चीची पाठ धरली.

"माझं आहे."

आता तोंड कुठे लपवावं कळेना. साहेबाने मिशीला पीळ दिला. "देश सोडायला महिना आहे. रोज सकाळी साडेपाचला टॉवरशेजारच्या त्या प्लॉटवर यायचं. मला तोच बॉल पुन्हा खेळायचाय."

नोकरी वाचली, झोप गेली. महिनाभर मी जीव तोडून बॉल टाकले, एकही वळला नाही. साहेबाने असे काही भिरकावले की ओमानच्या उंटांना अजून वाळूत टेनिस बॉल सापडतात.