रशियन पाहुणा, तासगावची द्राक्षं आणि मधली मी

मी पुण्यात रशियन शिकवते. आंद्रेई नावाच्या मॉस्कोच्या फळव्यापाऱ्याला तासगावच्या बागा दाखवायला दुभाषी हवाय म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. दोन देशांची जुनी मैत्री, मधे बसून मी गोड बोलायचं, एवढंच काम वाटलं होतं.

फेब्रुवारीत जाणार असाल तर पहाटे निघा. खंबाटकी घाट सुखाचा जातो, पण कराड सोडून विट्याच्या रस्त्याला लागलात की पुढे उसाचे ट्रॅक्टर, आणि दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला कसलीही घाई नसते. पेट्रोल आणि टोल मिळून जाऊन-येऊन चारेक हजार. साताऱ्यात मिसळ खाल्ली, कंदी पेढे घेतले. आंद्रेईने कराडपर्यंत पुडा संपवला आणि विचारलं, हे निर्यात होतात का? गंमत करत होता की धंदा, कोण जाणे.

संपतरावांची बाग तासगावच्या अलीकडे. पूर्वी ते लष्करात रणगाडा चालवायचे. आंद्रेईला फेटा बांधून मला म्हणाले, "ताई, सांगा त्यास्नी. उभी नोकरी मी त्यांच्याच रणगाड्यावर केली. कवा दगा दिला न्हाई."

मी सांगितलं. आंद्रेईने त्यांना घट्ट मिठी मारली. मग दोघांनी बागेत मणी मोजले, गोडी तपासली. आंद्रेई खूश दिसला.

दुपारी मटणाचा रस्सा आणि भाकरी. आंद्रेईच्या डोळ्यांतून पाणी, तरी वाटी पुढेच. तेवढ्यात गावचा व्यापारी दारात आला. "उद्या तोड लावू का? माणसं तयार हायती."

"माल ठरला गड्या. पाव्हणं जेवायला बसल्यात," संपतराव म्हणाले. घरी बसून जेवला म्हणजे सौदा झाला, असं त्यांनी धरलं होतं. खरं तर मीही. व्यापारी शेजारच्या बागेत गेला.

हात धुता धुता आंद्रेई म्हणाला, द्राक्षं उत्तम आहेत, पण या हंगामात नाही घेणार, आता फक्त बघायला आलोय. निर्बंधांमुळे बँकांतून पैसे पाठवणं अवघड झालंय, म्हणून माल दुसऱ्या देशातून घेतोय.

मला दोन्ही भाषा येतात, तरी हे कसं सांगावं सुचेना. शेवटी सांगितलं.

संपतराव म्हणाले, "पर दोस्ती हाय न्हवं आपली? रणगाडं घेताना बँक आडवी येती व्हय?"

आंद्रेई म्हणाला, ते सरकारांचं, मला त्यातलं कळत नाही. मलाही कळत नव्हतं.

"आवं, त्या व्यापाऱ्याला फोन लावा आधी," संपतरावांच्या पत्नी शालनकाकू म्हणाल्या. लावला. त्याची माणसं शेजारी कामाला लागली होती, आता आठवडाभर मोकळी होणार नव्हती, आणि पिकलेली द्राक्षं तोवर थांबणार नव्हती.

"मग बेदाणाच करायचा, मिळंल त्या भावात," काकू म्हणाल्या. "परदेशी धाडायचा म्हणून एकेक घड हातानं विरळ केला हुता." मला फार वाईट वाटलं.

परतताना आंद्रेई फेटा मांडीवर घेऊन बसला होता. इतकी चांगली माणसं कुठे भेटली नाहीत, म्हणाला, आणि ते अगदी मनापासून. त्याच्यावर रागवावं की नाही, मला ठरवता येईना.

घरी आल्यावर आठवड्याने संपतरावांचा फोन आला. द्राक्षं वाळवायला बेदाण्याच्या शेडवर चढवली होती. त्यांना एक निरोप द्यायचा होता. "आंद्रेईसायबास्नी सांगा, पुढच्या वर्षी नक्की या. जेवायला. बाग काय दाखवणार न्हाई."

मी ते रशियनमध्ये लिहून ठेवलंय. एकदा वाचलं की आमंत्रण वाटतं, पुन्हा वाचलं की दार लावून घेतल्यासारखं. अजून पाठवलेलं नाही.