ब्रेक शाबूत होते

पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकड्रम मी ओढून काढला, तेव्हा नानांनी मान फिरवली.

"बघा ना नाना. तुम्हाला हेच तर बघायचं होतं."

"तूच दख पोरी. आनि खरं सांग."

नाना साक्रीला पिठाची गिरणी चालवत. तरुणपणी ते धुळ्यात मोटार मेकॅनिक होते. समोरची अँबॅसिडर त्यांनीच रेससाठी तयार केली होती. त्या रेसमध्ये ती वळणावर न वळता सरळ नाल्यात गेली आणि चालवणारा प्रकाश दगावला. ब्रेक फेल झाले, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्यानंतर नानांनी पाना हातात धरला नाही.

गाडी इतकी वर्षं प्रकाशच्या घरच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आता त्याचे धाकटे भाऊ सुभाषशेठ यांनी ती माझ्याकडे पाठवली. जळगावला मेहरूण तलावाच्या अलीकडे माझं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करणं हे माझं काम. धुळ्यात जुन्या रेसवाल्यांचा मेळावा ठरला होता आणि त्यात ही गाडी त्याच मैदानावर एक चक्कर मारणार होती. नानांना कुठून तरी कळलं. ते बसनं आले आणि दारात उभे राहिले.

मी काम करायचे, ते स्टुलावर बसून बोलायचे. तेव्हा कसली आली रेसची गाडी! लग्नाच्या वरातीत फिरणारीच गाडी घ्यायची. मागची सीट काढायची, सायलेन्सर काढायचा, आत लोखंडी पाइप वेल्ड करायचे. दारावर चुन्यानं नंबर काढायचा. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर वाळूनं भरलेली पिंपं मांडली की झाला ट्रॅक. लोक बैलगाड्या जुंपून, भाकरी बांधून यायचे. धुळीत गाड्या दिसायच्याच नाहीत. लोक नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोण पुढं आहे ते.

"बठ्ठा गाव यायचं, ल्हान-मोठं सगळं. उज्जी मजा व्हती पोरी," नाना म्हणायचे. मग त्यांची नजर चेपलेल्या बॉनेटवर जायची आणि ते स्टूल उलट्या बाजूला फिरवून बसायचे.

या गाड्यांचे ब्रेक साधे असतात. पेडल दाबलं की नळीतून तेल चाकापर्यंत जातं आणि ड्रमच्या आतले दोन शू बाहेर ढकलले जातात. शू ड्रमला घासतात, चाक थांबतं. नळी फुटली किंवा तेल गळालं, की पेडल पार खाली जातं.

मी चारही चाकं उघडली. नळ्या अखंड. शूच्या लायनिंगवर तेलाचा डाग नाही. सांधे घट्ट. रबर कडक झालं होतं, पण ते वयामुळे.

"नाना, त्या दिवशी ब्रेक लागत होते असं वाटतं."

"वाटतं?"

"इतक्या वर्षांनी याहून जास्त मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

नाना स्टुलावरून उठून शूपाशी वाकले. "मंग त्यानी ब्रेक का दाबा नही?"

मी सुभाषशेठना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही इंजिनचं बघा. त्या माणसाची वकिली नको." आणि फोन ठेवला.

रबरं बदलली, नवं तेल भरलं, इंजिन बांधलं. मेळाव्याच्या आधी मैदानावर ट्रायल घ्यायची होती. मी दुपारी गाडी टेम्पोतून नेली. नानांनाही बरोबर घेतलं. सुभाषशेठ आधीच येऊन थांबले होते. नानांना बघून त्यांनी तोंड फिरवलं. आम्हा तिघांशिवाय आणि दूर थांबलेल्या टेम्पोवाल्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. बोरीची झुडपं, फुफाटा, आणि वळणापलीकडे कोरडा नाला.

पहिली चक्कर मी हळू मारली. पेडल टणक, ब्रेक एकदम छान. दुसऱ्या चक्करला थोडा वेग घेतला.

सरळ पट्ट्यावर मला मागून दुसऱ्या गाडीचा आवाज आला. सायलेन्सर नसलेल्या इंजिनाचा. आरशात पाहिलं, नुसती धूळ. आपल्याच इंजिनाचा आवाज टेकडीवरून परत येत असेल, असं म्हणून मी पुढं पाहिलं.

वळणावर एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, हातात लाल झेंडा. तो झेंड्यानं सरळ पुढं जायची खूण करत होता. सुभाषशेठनी उभा केला असेल, असं मला वाटलं. त्याच्या पलीकडे ट्रॅक स्वच्छ दिसत होता, दोन्ही बाजूंना पिंपं मांडलेली. मी ब्रेकवर नेलेला पाय उचलला. स्टिअरिंग सरळच ठेवलं.

मग एक गोष्ट खटकली. वारा समोरून येत होता, धूळ माझ्या काचेवर आपटत होती. आणि त्याचा झेंडा उलटा, वाऱ्याच्या तोंडाकडे फडकत होता.

मी सगळ्या ताकदीनं ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि थांबली. पुढची चाकं नाल्याच्या काठावर होती. समोर ना ट्रॅक होता, ना पिंपं. इंजिन बंद पडलं. मागचा तो आवाज मात्र बंद पडला नाही. तो माझ्या बाजूनं पुढं गेला, खाली नाल्यात उतरला आणि तिथं एकदम थांबला.

सुभाषशेठ धावत आले. "मॅडम, वळायचं होतं! सरळ का गेलात?"

"तुमच्या झेंडेवाल्यानं सरळ जायला सांगितलं."

"कुठला झेंडेवाला? मी कोणालाच..." ते मध्येच थांबले.

नाना मागून पोचले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आंगवर काय व्हतं त्याना?"

"पांढरा शर्ट. हातात लाल झेंडा."

सुभाषशेठ होते तिथंच धुळीत बसले. "दवाखान्यात नेताना दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं," ते म्हणाले. "तो एकच सांगत होता. झेंडेवाल्यानं सरळ काढायला सांगितलं. आम्ही म्हटलं, डोक्याला मार लागलाय, बरळतोय. वळणावर त्या दिवशीही कोणी नव्हतं."

"मी बी आयकं व्हतं, त्याले नाल्यातून काढताना," नाना म्हणाले. "मालेच पटलं नही. आनि मी सांगतो तर कोन मानतं?"

सुभाषशेठ उठले आणि नानांच्या पायाशी वाकले. नानांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. नंतर सुभाषशेठ एवढंच म्हणाले, "नाना, घरी चला. जेवून जा."

मेळाव्यात गाडी चालवली नाही. मांडवात उभी केली. सुभाषशेठनी स्वतः माइकवर सांगितलं की ब्रेक शाबूत होते आणि दोष नानांचा नव्हता. म्हातारे रेसवाले एकेक करून नानांपाशी येऊन बसले. मग गाडी सरळ का गेली, हे कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

माझ्या ओळखीतले एक इंजिनिअर म्हणतात, ऊन डोळ्यांवर आलं की असे भास होतात. असेलही. ऊन माझ्या पाठीमागे होतं.

आता कुठल्याही ट्रायलच्या आधी मी ट्रॅक पायी फिरून येते आणि सगळ्यांना बजावते, वळणावर कोणीही उभं राहायचं नाही. म्हणजे तिथं कोणी दिसलंच, तर विचार करत बसायला नको. ब्रेक दाबायचा.