वाली कोण?

फोन आला तेव्हा खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. माझे सहकारी अंकुशराव देवकर गेले, असं त्यांच्या बहिणीनं डाळजहून सांगितलं. दुपारी जेवले, अंगणात बाजेवर टेकले आणि चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत... ती रडत सांगत होती आणि माझ्या डोक्यात मात्र ती किल्ली. लाज वाटते हे लिहायला, पण खरं आहे. बारामतीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सरकारी संशोधन निधीतून आम्हा दोघांना एक खोली आणि एक कॉम्प्युटर मिळाला होता. खोलीला एकच कुलूप, कुलपाला एकच किल्ली. त्या फोनच्या चार दिवस आधी त्या खोलीत आम्ही कडाकडा भांडलो. ते आधी बाहेर पडले. मी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी आले. एरवी किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी ती मागितली नाही.

तीन वर्षं आम्ही काय करत होतो ते सोपं करून सांगते, कारण अवघड बोलणाऱ्यांचा अंकुशरावांना फार कंटाळा होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी तुकडे असे असतात, की काम तिथपर्यंत कधी पोचतच नाही. लिहिणारा निघून गेलेला असतो आणि हात लावायला सगळे घाबरतात. इंग्रजीत त्याला सरळ ‘डेड कोड’ म्हणतात. असे तुकडे शोधून देणारं साधन आम्ही बनवत होतो. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर ‘मृत कोड’ असं लिहिलं. अंकुशराव उठले आणि त्यांनी ते पुसलं.

“मेलेला म्हनू नका मॅडम. पडीक म्हना. पडीक रान मेलेलं नसतंय.”

त्यांचं गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की वडील त्यांना चिखलातून चालवत न्यायचे. एका सपाट जागी थांबायचे आणि म्हणायचे, “हितं उंबरा. आत चूल. पायतान काढ.” आणि सात-आठ वर्षांचे अंकुशराव काहीच नसलेल्या उंबऱ्याबाहेर चपला काढून अनवाणी आत जायचे. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

तशी मी गूढबिढ गोष्टींना भीक घालणारी नाही. पण त्यांची एक सवय मला कधी उलगडली नाही. ते दाराकडे पाठ करून बसायचे आणि मी व्हरांड्यात असतानाच, मान न वळवता विचारायचे, “आलात का?” माझ्या सँडलचा आवाज ओळखतात, असं मी धरून चालले होते. एकदा मुद्दाम सँडल हातात घेऊन, श्वास रोखून आले. “आलात का?” मी चिडले, तर म्हणाले, “येनारं मानूस आधी मनात येतंय, मग दारात.”

निधीसाठी दिल्लीच्या तज्ज्ञांपुढे बसलो तेव्हा एकानं रास्त प्रश्न विचारला. असली साधनं मोठ्या कंपन्या बनवतातच, मग जनतेचा पैसा यात कशाला घालायचा? मी आकडेवारी शोधत होते, तेवढ्यात अंकुशरावांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर देऊन टाकलं. कंपनी साधन बनवते ते विकत घेणाऱ्यासाठी. गावच्या दूध संस्थेला सॉफ्टवेअर लिहून देणारा पुण्याला निघून गेला, तिथं कोणती कंपनी येणार आहे? विहीर सगळ्यांची असेल तर गाळ सरकारनंच काढायला हवा. तज्ज्ञ हसले आणि निधी मिळाला. पण त्यांची अपेक्षा होती की साधनानं पडीक तुकडे आपोआप काढून टाकावेत. अंकुशराव त्याला शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. साधनानं फक्त विचारायचं, ‘वाली कोण?’ कुणी स्वतःचं नाव लिहून जबाबदारी घेतली तर तो तुकडा पडीक धरायचा नाही. शेजारी तो आजवर किती वेळा चालला त्याचा आकडा दाखवायचा. बस्स.

मलाही हा हट्ट वाटायचा... बावड्याला जाईपर्यंत. तिथल्या दूध संकलन केंद्रात आमच्या साधनाला एक तुकडा सापडला. एका ठरावीक सभासद नंबराचं दूध आलं की मशीन दोनदा वाजायचं. कशासाठी, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. सचिवांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी नंबर पाहिला आणि खुर्चीत सावरून बसले.

“ही आमची शेवंताकाकी. डोळ्यांनी दिसत नव्हतं. दूध नोंदीला लागलं का न्हाय कळावं म्हनून तिच्यापुरतं दोनदा वाजायचं. काकीला जाऊन लई वर्सं झाली.”

“मग काढून टाकूया?” मी म्हटलं.

“नगं,” तात्या म्हणाले आणि ‘वाली कोण?’ पुढं त्यांनी एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहिलं. संध्याकाळचं दूध सुरू होत होतं. आम्ही दारापर्यंत पोचलो आणि मागं मशीन वाजलं. दोनदा. वळून पाहिलं तर वजनकाट्यापाशी एक बाई किटली घेऊन उभी. काकीची सून. त्याच दिवशी तिनं नव्यानं दूध घालायला सुरुवात केली होती आणि संस्थेनं तिला सासूचाच नंबर दिला होता. “बघा,” अंकुशराव एवढंच म्हणाले.

आता भांडणाचं सांगते. दर शुक्रवारी आम्ही ते साधन त्याच्या स्वतःवरच चालवून बघायचो आणि दर शुक्रवारी त्यात एक तुकडा पडीक निघायचा. तो अंकुशरावांनीच लिहिलेला. दुसरं काहीही पडीक उरलं नाही आणि या तुकड्यालाही वाली मिळाला, तरच तो चालणार होता. त्याच्यापुढची नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. आत काही शब्द होते, पण आकड्यांच्या रूपात लिहिलेले. उलगडायला मला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी तीन वर्षांत दिली नाहीत. शेवटच्या आढाव्यात तज्ज्ञांनी टोमणा मारला, की दुसऱ्यांचं पडीक शोधणाऱ्यांच्या घरातच पडीक? अंतिम अहवालात हे दिसता कामा नये. मला ते फार लागलं. त्या दिवशी मी स्क्रीनवर बोट ठेवून त्यांना दाखवलं, किती वेळा चालला, शून्य. काढा हा तुकडा, नाहीतर तुमचं नाव लिहा.

“माझं नाव चालत न्हाय मॅडम. ऱ्हाऊ द्या.”

“सरकारच्या पैशावर भुतं पाळताय का अंकुशराव?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, हेच वाईट. “वाली नसला की भूतच व्हतंय मॅडम,” म्हणाले आणि बाहेर पडले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. फोन करून माफी मागायला चार दिवस होते माझ्याकडे. मी नाही केला.

पाच आठवड्यांनी, अहवालाची मुदत अगदी तोंडावर आल्यावर, मी ते कुलूप उघडलं. भर दुपार होती. टेबलावर धूळ, खुर्ची तशीच, दाराकडे पाठ. त्याच खुर्चीत बसून मी साधन चालवलं. एक तुकडा पडीक. वाली कोण? तो पुसून टाकायचा आणि स्वच्छ अहवाल पाठवून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच आले होते. पुसायच्या बटणावर बोटही ठेवलं होतं. मग मी ते उचललं आणि कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं, नलिनी.

‘पडीक काही नाही’ असं स्क्रीनवर आलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. आणि त्याखाली दोन शब्द उमटले.

आलात का?

मी किती वेळ रडत होते कोण जाणे. डोळे पुसून पाहिलं तेव्हा शेजारचा आकडा दिसला. तुकडा आत्ता पहिल्यांदा चालला, म्हणजे तिथं एक हवा होता. दोन होता. मी सगळा कोड ओळ न ओळ वाचला, तीनदा. चूक सापडली नाही. भांडणाच्या दिवशी शून्य होतं, ते मीच बोट ठेवून दाखवलं होतं. त्यानंतर खोली बंद होती, कॉम्प्युटर बंद होता आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. अहवालात मी दोनच लिहिलं आणि वालीच्या जागी माझं नाव. तज्ज्ञांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

किल्ली अजून माझ्याकडेच असते. दर शुक्रवारी मी कुलूप काढते, दाराबाहेर चपला काढते आणि “आले” म्हणून आत जाते.