जोडीतलं दुसरं गाणं

वेइयो लेप्पानेन माणूस म्हणून खडूसच. आमच्या तळ्याकाठच्या नाचमंडपात मी कॉफी आणि सॉसेज विकते, तो समोरच्या स्टेजवर अकॉर्डियन वाजवायचा. सगळ्या उन्हाळ्यात आमचं बोलणं होई ते "कॉफी कडक आहे" एवढंच. पण त्याने टँगो धरला की माझी सॉसेजं करपायची.

पूर्वी चौघं होते. ड्रमवाला स्वीडनला गेला, गिटारवाला दारूपायी गेला, आणि बास, म्हणजे मागचे खालचे सूर, वाजवणारा वेइयोचा भाऊ ओस्मो आजारपणात गेला. जाण्याआधी हिवाळाभर ओस्मोने वेइयोच्या स्वयंपाकघरात बसून एकेका गाण्याचा बास रेकॉर्ड करून ठेवला. तो लॅपटॉपवरच्या एका प्रोग्रॅममधून लावून वेइयो त्यावर वाजवायचा. नाच रंगला की पायाने बटण दाबून कडवं लांबवायचा, ओस्मोही मागे लांबायचा. अकॉर्डियनवर बास धरतो तो डावा हात, आणि वेइयोच्या त्या हाताची बोटं कधीचीच आखडली होती. कुणाला कळलं नाही ते ओस्मोमुळे.

मे महिन्यात त्या प्रोग्रॅमने नवी आवृत्ती घेऊ का विचारलं. वेइयोने घे म्हटलं. कुणी नीट विचारलं तर नाही कशाला म्हणायचं!

आमच्याकडे गाणी जोडीने वाजतात. दोन टँगो, मग दोन वॉल्ट्झ. बाईला नाचायला नेलं की दोन्ही गाणी तिच्याबरोबर. एकावर सोडलं तर तिचा अपमान. वेइयोने घरी प्रत्येक जोडीतलं पहिलं गाणं उघडून पाहिलं. उघडलं. ती त्याने दरवर्षी थोडीफार दुरुस्त करून नव्याने सेव्ह केलेली. जोडीतल्या दुसऱ्या गाण्यांना त्याने हात लावला नव्हता, ती ओस्मोने ठेवली तशीच होती.

शनिवारी पहिला टँगो झोकात झाला. दुसऱ्याला पडद्यावर आलं, "ही फाइल फार जुनी आहे, उघडता येत नाही." पुढच्या जोडीतलं दुसरं, त्याच्या पुढच्या जोडीतलं, सगळी तशीच.

मंडपात सगळे एकमेकांच्या कमरेवर हात ठेवून उभे. कुणी हात सोडला नाही, कुणी ब्र काढला नाही. आमची माणसं अशीच, घर जळलं तरी शेजाऱ्याला त्रास नको म्हणतील. वेइयो एकटाच वाजवू लागला. डावा हात अडखळला, जोड्या एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागल्या. मला बघवेना.

मंडप चालवणाऱ्या राइयाने स्पीकरला आपला फोन जोडून त्यावरची तयार गाणी लावली आणि स्टेजवर जाऊन म्हणाली, "तू उभा राहा फक्त. दारावर जिवंत संगीत लिहिलंय."

"आणि करू काय?"

"भाता हलव. इतक्या लांबून कुणाला कळतंय?"

हलवला. शेवटच्या वॉल्ट्झपर्यंत हलवला.

सोमवारी त्याने कंपनीला फोन केला, माझ्यासमोरच. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. जुनी आवृत्ती आता मिळत नाही. फाइली मात्र सुरक्षित आहेत, काळजी नसावी, फक्त उघडणार नाहीत.

"म्हणजे पुरलेल्या माणसासारख्या," वेइयो म्हणाला. तिने त्याला दिवस छान जावो म्हटलं.

मला वाटलं, आता हा राइयाच्या तोंडावर अकॉर्डियन आदळून घरी बसेल. मी आदळलं असतं. पण पुढच्या शनिवारी स्वारी हजर, पुन्हा राइयाच्या फोनवर भाता हलवायला. "कशाला आलास?" मी विचारलं.

"मग शनिवारी कुठे जाऊ?"



मधल्या सुट्टीत तो कॉफी घेत असताना आर्ने आला. हा आर्ने दर शनिवारी नाचतो, आणि त्याने आजवर कुणाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याने वेइयोच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक सांगू? हल्ली बास फार छान लागतो तुझा. आधीचा जरा मागे रेंगाळायचा."

"हो का," वेइयो म्हणाला.

मी आर्नेच्या पुढ्यातला कप उचलला आणि मोरीत ओतला. त्याने अजून तोंडही लावलं नव्हतं.