देवणीला गेलेलं पुस्तक

लातूरहून रोज औशाला नोकरीला जायचं आणि एसटीत बसून एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा, हे ठरवलं तेव्हा मला फार सोपं वाटलं होतं. औशाच्या एका प्रयोगशाळेत मी काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडते आणि ते किती भाराला फुटले ते लिहिते. संध्याकाळी घरी आले की माझाच ठोकळा झालेला असायचा. जेवता जेवता डोळे मिटायचे. अभ्यासाला उरायचा तो सकाळचा प्रवास, तोही बसायला मिळालं तर. दोनदा परीक्षा दिली होती, दोनदा हुकली होती. यंदा नाही झालं तर पुन्हा फॉर्म भरणार नाही, असं मी घरी सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल आत टाकायचा, मग रेटारेटीत सावकाश चढायचं. रुमाल असला की जागा तुमची. परीक्षेच्या आठवड्यात एका सकाळी माझा स्कार्फ घरीच राहिला. दोन गाड्या शेजारी शेजारी लागत होत्या. मी हातातलं पुस्तकच खिडकीतून सीटवर टाकलं आणि गर्दीबरोबर दाराकडे ढकलली गेले.

आत येऊन बघते तर माझ्या खिडकीत एक काका ऐसपैस बसलेले.

"उठा. इथं माझं पुस्तक होतं."

"हितं पुस्तक-बिस्तक काय बी न्हवतं, ताई."

राग माझ्या नाकावरच असतो, त्यात झोप झालेली नव्हती. बायकांनी शिकलेलं तुम्हाला बघवत नाही इथपर्यंत मी त्यांना सुनावलं. सगळी गाडी ऐकत होती. तेवढ्यात शेजारची गाडी मागं निघाली. तिच्या खिडकीत, रिकाम्या सीटवर, माझं पुस्तक. पुढं पाटी देवणीची.

मी ओरडले, पण गाडी गेली. रविवारी नांदेडला परीक्षा, आणि वर्षभर सोडवलेली गणितं त्या पुस्तकाच्या समासांत. मी सगळ्यांदेखत रडायला लागले.

काका उठले. "बसा आधी. देवणीला माझा साडू हाय. स्टँडासमोरच दुकान हाय त्याचं." आणि ज्यांना मी आत्ताच वाट्टेल ते बोलले होते, त्यांनी फोन लावला.

संध्याकाळी देवणीहून परतलेल्या त्याच गाडीचा कंडक्टर लातूर स्टँडवर पुस्तक देत म्हणाला, "जागा धरल्याली हाय म्हणून देवणीपस्तोर कुणी बसलं न्हाई. माणसं हुबी अन् पुस्तक बसून!"

मला हसू आलं नाही. मी नुसतं पुस्तक छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीच्या जागेवर काकांचा रुमाल असायचा. ते औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. मी आले की रुमाल उचलून म्हणायचे, "बसा, वाचा." स्वतः कडेला बसायचे आणि मी पुस्तक मिटेपर्यंत कुणाशी मोठ्यानं बोलायचे नाहीत.

नांदेडला जाऊन परीक्षा दिली. निकाल लागला. नाही झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मी मुद्दामच मागं उभी राहिले. काकांनी बघितलंच. खिडकीच्या जागेवर रुमाल होताच.

"नको काका. आता अभ्यास संपला."

"मग झोपा की."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. घरी, ऑफिसात सगळे विचारायचे, झालं का, कधी होणार. मी दमले होते, फार दमले होते, आणि ते या मुनीमकाकांना दिसलं होतं. मी बसले आणि डोकं खिडकीला टेकताच झोपले.

औसा आल्यावर त्यांनी पुढच्या सीटच्या दांडीवर किल्ली वाजवून मला उठवलं. उतरता उतरता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पुढच्या साली फारम कवा निघत्यात?"

मी झोपेतच होते. तारीख तोंडातून लगेच बाहेर पडली.