माझ्या खुर्चीमागचं घड्याळ

मागच्या गुरुवारी सदर भागातल्या एका काउन्सेलर मॅडमच्या खोलीतलं घड्याळ मी गुपचूप भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वय वर्षे चौपन्न, हायस्कूलचा विज्ञान शिक्षक... आणि हे उद्योग.

पण का केलं, ते सांगतो.

बावीस वर्षं मी बोर्डाच्या परीक्षेत कॉपी पकडत आलोय. कोण घाम पुसतोय, कोणाचा हात सारखा मोज्याकडे जातोय, हे मला दारातूनच कळतं. शाळेत या नजरेचं कौतुक झालं... घरात मात्र या नजरेनं वाट लावली.

माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. रोज संध्याकाळी मी तिला व्हिडिओ कॉल करायचो आणि म्हणायचो, जरा खोली दाखव. गणपतीत ती घरी आली, आंघोळीला गेली आणि मी तिचा फोन उघडला. ती बाहेर आली तेव्हा फोन माझ्या हातात होता. दुसऱ्या दिवशीच बॅग भरून निघून गेली.

तेव्हापासून ती आईशीच बोलायची. मी फोन घेतला की नेमकी तिची रेंज जायची. शेवटी बायको म्हणाली, "तुमच्या शंका निस्तरून मी थकली आता. तुमी त्या मॅडमकडे जाता, का मी जाऊ पोरीकडे राहाले?" म्हणून गेलो.

मॅडम माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मी त्यांच्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटांचे शिक्के जवळ जाऊन पाहिले. बाहेर बसणाऱ्या ताईंकडून त्या रोज कामठीहून येतात, हेही काढून घेतलं. बाई शांत, कधी चिडत नाहीत, मागच्या वेळी मी काय बोललो ते त्यांना जसंच्या तसं आठवतं... आणि हेच मला खटकायचं. ना नात्याची, ना ओळखीची, मग ही बाई माझ्याशी इतकी चांगली का वागते? हिला माझ्याकडून नक्की काय पाहिजे?

तिसऱ्या सेशनला मला ते सापडलं. मी बोलत असताना मधूनच त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, क्षणभरच. निघताना वळून पाहिलं तर माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे, शेल्फवर एक छोटं टेबल-घड्याळ! म्हणजे यांना पाहता यावं आणि मला कळू नये, अशी सोय. वा! तोंडानं "सांगा ना सर" आणि डोळ्यांनी मिनिटं मोजणं चाललंय. चोर सापडला म्हणून मी खूश होतो, पण कुठेतरी वाईटही वाटलं. ही बाई खरंच ऐकतेय, असं मला वाटायला लागलं होतं.

म्हणून गुरुवारी वेळेआधी गेलो. ताईंनी आत बसवलं आणि मी घड्याळ फिरवून ठेवलं.

मॅडम आल्या. त्यांची नजर एकदा मागे गेली, पुन्हा गेली. मी मनातल्या मनात हसत होतो. मग त्यांनी मुलीचं विचारलं आणि कसं कोण जाणे, त्या फोनचा प्रसंग मी पहिल्यांदा पूर्ण सांगितला. ती ओल्या केसांनी दारात उभी होती, इथपर्यंत आलो आणि खिशात रुमाल शोधायला लागलो.

त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "सर, घड्याळ तुम्ही फिरवलं न?"

माझं तोंड चिठ्ठीसकट पकडलेल्या पोरासारखं झालं असणार.

"ते मीच तिथे ठेवलंय," त्या म्हणाल्या. "माणूस रडत असताना मी मनगटाकडे पाहिलं, तर त्याला वाटतं हाकलते आहे. आणि वेळ संपत आली हे मला कळलंच नाही, तर तो तसाच रडवेला सदरच्या ट्रॅफिकमध्ये जातो. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, सर. विचारलं काहून नाही?"

आपल्याला पकडणं जमतं, विचारणं जमत नाही... हे मला त्या खुर्चीत कळलं. वाटलं, आता या म्हणतील, पुन्हा येऊ नका. तसं काही नाही. म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी या. घड्याळ कुठे ठेवायचं ते तुम्हीच सांगा."

ही पण यांची ट्रिकच असेल, असं जिना उतरताना वाटलंच. सवय कुठे लगेच जाते!

पण घरी न जाता सक्करदऱ्याला तलावाजवळ गाडी लावली आणि मुलीला मेसेज लिहिला. 'गणपतीत तुझा फोन मी उघडला. तुला विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' चार वाक्यं, पण अर्धा तास लागला.

निळ्या टिक लगेच आल्या. टायपिंग सुरू झालं... थांबलं... पुन्हा सुरू झालं. मग आलं, "खरं सांगा बाबा, हे कोणी लिहून दिलं तुमाले? आईनं न?"

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना जे विचारत आलो, ते माझ्या पोरीनं मला विचारलं. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. तिला हे मीच शिकवलं होतं.

मी लिहिलं, "नाही वं. माझंच आहे. तपासून घे."

दोन मिनिटांनी फोन वाजला. व्हिडिओ कॉल, तिनं स्वतःहून केलेला. खोटं कशाला बोलू... तिच्या मागच्या खोलीकडे माझी नजर एकदा गेलीच. पण तिचं नाक लाल झालेलं दिसलं आणि मग मी दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही.

उद्या गुरुवार. मॅडम विचारतील, तेव्हा सांगणार आहे... घड्याळ होतं तिथेच राहू द्या.