बोटं उघडेनात
माहेर राजुऱ्याचं, भर बाजारातलं. अस्वल मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं. सासर सिंदेवाहीजवळच्या खेड्यात. धानाच्या बांध्या संपल्या की थेट जंगल. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासूबाईंबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जाऊ लागले. जंगलाच्या कडेचं एक झाड आमचं, म्हणजे गावानं आमच्या घराचं मानलेलं. ‘आमचं’ म्हणायला मला फार आवडायचं. शेजारणीनं त्याखालची चार फुलं उचलली, तर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

त्या दिवशी नुकतं फटफटलं होतं. काठोकाठ भरलेलं टोपलं मी उचललं, तोच कोणी जोरानं नाक शिंकरावं तसा आवाज आला. वीसेक पावलांवर काळंभोर अस्वल.

“पाठ नको दाखवू,” सासूबाई पुटपुटल्या. “मांगं मांगं सरक.”

मी सरकले, पण टोपल्यासकट. अस्वलही पुढं सरकलं. मी थांबले, तेही थांबलं.

“टोपलं टाक.”

“आपलं आहे ना, बाई!” जीव जायची वेळ आली आणि मी मालकी सांगत होते.

“त्याले तू नाई पायजे वो, फुलं पायजे. वास येऊन राह्यला त्याले. टाक!”

टाकायचं तर मीही ठरवलं, पण बोटं उघडेनात. टोपल्याच्या काठाला ती अशी आवळली गेली होती, जणू माझी नव्हतीच. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. सासूबाई त्याच्यावरची नजर न काढता माझ्यापाशी आल्या आणि माझं एकेक बोट उचकटू लागल्या. टोपलं पडलं. फुलं सांडली. अस्वलानं त्यात तोंड खुपसलं.

त्याचं मचमच खाणं ऐकत आम्ही उलट्या पावलांनी बांध गाठला. मग सासूबाई वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. एकदाही मागे पाहिलं नाही. टोपलं नवं होतं, त्यांनीच पारखून आणलेलं.

“आणि टोपलं?” मी विचारलं.

“खाईन अन् जाईन ते. उद्या भेटलं तं भेटलं.” दोन पावलांवर त्या थांबल्या. “आता मले तं सोड वो माय, लुगडं फाटून राह्यलं.”

पाहते तर त्यांचा पदर माझ्या दोन्ही मुठींत. घर येईपर्यंत काही मी तो सोडला नाही.